धाडसी सफरींचे संच : साताऱ्यातील एका वाचनालयाची घरपोच सेवा

साताऱ्यात राजवाड्याजवळ एक लहानसे खासगी वाचनालय आहे. कथा-कादंबऱ्या, दिवाळी अंक आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके यांवर अशा वाचनालयांचा संसार चालतो, तसाच याचाही चालतो. परंतु तेथे धाडसी सफरींच्या वाचनासाठी जी घरपोच सेवा सुरू झाली आहे, तिची स्वतंत्र दखल घेतली पाहिजे, असे ती वापरल्यानंतर मला वाटते. बर्फात अडकलेली जहाजे, उघड्या होडीतून ओलांडलेले समुद्र, वेषांतर करून पायी तुडवलेले परके मुलूख, अशा विषयांवरची पुस्तके आपल्याकडे पुष्कळ वाचली जातात. मात्र ती बहुधा थराराची भूक भागवण्यासाठी वाचली जातात आणि थरार ओसरला की माणसांची नावे, दिशा, तारखा सगळेच विसरले जाते. या वाचनालयाने ही पुस्तके पुराव्यानिशी वाचण्याची सोय केली आहे, आणि तशी ती वाचली की त्या माणसांच्या धैर्याचे खरे माप कळते, हा माझा अनुभव आहे.

सेवेचे स्वरूप असे आहे. सभासदाने एक सफर निवडायची. मग जाड खादीच्या पिशवीत त्या सफरीचा संच घरी येतो. त्यात मुख्य वृत्तांत असतो, त्याच सफरीविषयी दुसऱ्या कोणी लिहिलेले एक पुस्तक किंवा त्यातील निवडक भागाची टिपणे असतात, प्लॅस्टिकच्या पारदर्शक आवरणात घातलेला मोठा नकाशा असतो आणि तारखांची एक लांब पट्टी असते. नकाशे विकतचे नाहीत. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई आणि काही सभासद यांनी ते ट्रेसिंग पेपरवर काढून मोठे करून घेतले आहेत. मार्गावरील प्रत्येक महत्त्वाच्या ठिकाणी तारीख लिहिलेली आहे आणि बाजूला अंतराची पट्टी किलोमीटर व सागरी मैल अशा दोन्ही मापांत आखलेली आहे. संच महिनाभर ठेवता येतो. वार्षिक वर्गणी एकदम भरावी लागते, अनामत वेगळी घेतली जाते, आणि ती पुस्तके-नकाशे धड परत आले की तक्रार न करता परत मिळते.

सर्वांत चांगला संच अंटार्क्टिका खंड ओलांडायला निघालेल्या शॅकल्टन यांच्या मोहिमेचा आहे, आणि सेवेचा खरा कस तेथेच लागतो, कारण ही हकीकत बहुतेक वाचकांनी कोठे ना कोठे वाचलेली किंवा ऐकलेली असते. ‘एन्ड्युरन्स’ हे जहाज ५ डिसेंबर १९१४ रोजी साउथ जॉर्जिया बेटावरून निघाले, जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्रातील बर्फात पक्के अडकले, ऑक्टोबरअखेर बर्फाच्या दाबाने चिरडले गेल्यामुळे सोडून द्यावे लागले आणि २१ नोव्हेंबर १९१५ रोजी बुडाले, एवढे सांगायला एक वाक्य पुरते. नकाशावर मात्र अडकल्याच्या जागेपासून बुडाल्याच्या जागेपर्यंत एक वेडीवाकडी रेघ जाते, मध्येच मागे वळते, पुन्हा उत्तरेकडे सरकते, आणि त्या रेघेवर दहा महिन्यांच्या तारखा आहेत. या काळात जहाज स्वतःच्या बळावर कोठेही जात नव्हते. बर्फ नेईल तिकडे २८ माणसे चालली होती. पुस्तकात या महिन्यांचे वर्णन वाचताना मन पुढच्या संकटाकडे धावते. नकाशा समोर असला की धावता येत नाही, कारण बोट त्या रेघेवरून सरकवताना प्रत्येक तारखेशी थांबावेच लागते. वाट पाहण्याची शिक्षा काय असते, हे मला त्या रेघेने अधिक नीट समजावले.

जहाज बुडाल्यानंतर ही माणसे शेवटी एलिफंट बेटावर पोहोचली, आणि तेथून मदत आणण्यासाठी साउथ जॉर्जियाकडे सहा जणांनी जी होडी नेली, त्या प्रवासाचा भाग या संचात विशेष काळजीने मांडला आहे. २४ एप्रिल १९१६ रोजी निघालेली ‘जेम्स केअर्ड’ ही होडी सुमारे ८०० सागरी मैल पार करून १० मे रोजी किनाऱ्याला लागली. सूर्य ढगाआडून क्षणभर बाहेर येईल तेव्हा जहाजाचे कप्तान वॉर्स्ली यांनी उचंबळणाऱ्या होडीत स्वतःला कसेबसे सावरून सेक्स्टंट हे कोन मोजण्याचे यंत्र लावायचे आणि सूर्याचा उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची उंची, मोजायचा, अशी संधी संपूर्ण प्रवासात त्यांना जेमतेम चार वेळा मिळाली. त्या भागात वारे पश्चिमेकडून अखंड वाहतात. बेट हुकले असते तर त्या वाऱ्याविरुद्ध परत फिरणे अशक्य होते आणि पुढे केवळ मोकळा अटलांटिक होता. म्हणून त्यांनी बेटाची पश्चिम बाजू धरली, आणि म्हणूनच ते निर्मनुष्य किनाऱ्यावर उतरले. व्हेल पकडणाऱ्यांची ठाणी दुसऱ्या बाजूला होती. मग शॅकल्टन, वॉर्स्ली आणि क्रीन या तिघांनी बुटांच्या तळांना होडीतले स्क्रू ठोकून, कोणीही न ओलांडलेले डोंगर आणि हिमनद्या ३६ तासांत पार केल्या. ही कारणपरंपरा नुसत्या पुस्तकातून माझ्या लक्षात कधीच पुरती आली नव्हती. नकाशावर वाऱ्याचे बाण काढलेले असल्यामुळे ती एका दृष्टिक्षेपात उलगडते आणि मग डोंगर ओलांडणे ही ऐन वेळची हौस नसून समुद्रात आधीच घेतलेल्या शहाण्या निर्णयाची चुकवलेली किंमत होती, हे ध्यानात येते.

या संचाच्या निमित्ताने वाचनालयाने केलेली एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. आतल्या खोलीच्या फरशीवर त्यांनी पांढऱ्या चिकटपट्टीने त्या होडीची बाह्यरेषा आखली आहे. लांबी साडेबावीस फूट, रुंदी जास्तीत जास्त सुमारे सहा फूट. रविवारच्या वाचनसभेत सहा जणांना त्या रेषेच्या आत बसायला सांगतात. शिधा, पाण्याची पिंपे आणि तोल राखण्यासाठी तळाशी भरलेले दगड यांच्या जागी पुस्तकांचे गठ्ठे ठेवतात. त्यानंतर कोणालाही पाय पसरता येत नाहीत. एकाने कूस बदलली की शेजारच्याला गुडघे पोटाशी घ्यावे लागतात. सभेला नौदलातून निवृत्त झालेले एक सभासद येतात. त्यांनी बसलेल्या मुलांना सांगितले, “पुस्तकात समुद्र एका ओळीत संपतो, बाळांनो. ड्यूटीवरचे चार तास मात्र ओळीने संपत नाहीत, ते मोजून काढावे लागतात.” मुले चिडीचूप झाली होती. शाळांनी आपल्या वर्गांना एकदा तरी तेथे न्यावे, इतकी ही साधी कल्पना मोलाची आहे.

मात्र हा संच मला सर्वांत अधिक आवडला तो दुसऱ्या पुस्तकाच्या टिपणांमुळे. शॅकल्टन यांनी आपल्या सर्व माणसांना जिवंत परत आणले, असे सर्रास सांगितले जाते आणि ‘एन्ड्युरन्स’वरील २८ जणांपुरते ते खरे आहे, एलिफंट बेटावर राहिलेल्या २२ जणांना चौथ्या प्रयत्नात, ३० ऑगस्ट १९१६ रोजी, चिलीच्या ‘येल्चो’ या छोट्या जहाजाने सोडवले. परंतु त्याच मोहिमेची दुसरी तुकडी खंडाच्या पलीकडच्या बाजूला, रॉस समुद्राकडे, शॅकल्टन ज्या वाटेने येणार होते त्या वाटेवर अन्नाचे साठे मांडत होती. त्यांचे ‘अरोरा’ हे जहाज वादळात नांगर तुटून वाहून गेले, दहा माणसे किनाऱ्यावर अडकली, तरीही त्यांनी साठे ठरल्या जागी पोहोचवले, आणि त्यांतील तिघे मरण पावले. ज्यांच्यासाठी साठे मांडले ते कधी आलेच नाहीत. ही हकीकत टिपणांत चार पानांत दिलेली आहे, आणि सुतार मॅकनिश यांच्याविषयीही तेथे लिहिले आहे. त्यांनी होडीच्या कडा उंचावून तिच्यावर कॅनव्हासचे छप्पर घातले नसते तर ती त्या समुद्रात टिकली नसती, तरी बर्फावर असताना हुकूम मानायला नकार दिल्याबद्दल त्यांना पुढे ध्रुवीय पदक नाकारण्यात आले. नेत्याच्या पुस्तकाशेजारी ही पाने ठेवली म्हणून शॅकल्टन लहान होत नाहीत. त्यांच्यासोबतची माणसे मोठी होतात, आणि ते न्यायाचे आहे.

दुसरा साक्षीदार देण्याचा हाच नियम ‘बाउंटी’ या इंग्रज जहाजाचे कप्तान ब्लाय यांच्या संचातही पाळला आहे. ‘बाउंटी’ जहाजावरील बंडानंतर २८ एप्रिल १७८९ रोजी ब्लाय यांच्यासह १९ माणसांना २३ फुटी होडीत सोडून देण्यात आले. टोफुआ बेटावर एक जण मारला गेला. उरलेल्यांना घेऊन ब्लाय यांनी ३,६१८ सागरी मैल पार केले आणि १४ जून रोजी ते तिमोर बेटावरील कुपांगला पोहोचले. शिधा इतका थोडा होता की नारळाच्या करवंट्यांचा तराजू करून, पिस्तुलाची गोळी हे वजन धरून, प्रत्येकाच्या वाट्याचा पाव तोलावा लागे. ज्या गलबतावर त्यांचे नेतृत्व मोडून पडले त्याच माणसाने उघड्या होडीत काटेकोर शिस्तीने जवळपास सर्वांना वाचवले, ही विसंगती एकाच्या सांगण्यावरून उलगडत नाही. म्हणून त्यांच्याशी सतत खटके उडालेले फ्रायर आणि बंडवाल्यांसोबत मागे राहिलेले मॉरिसन यांच्या नोंदींतील निवडक उताऱ्यांचे मराठी टिपण संचात आहे. टिपण कोरडे आहे, वाक्ये आखूड आणि थोडी सरकारी वळणाची आहेत, पण मजकूर प्रामाणिक आहे.

मॅगेलन यांच्या संचाबद्दल थोडक्यात सांगतो. पाच जहाजे २० सप्टेंबर १५१९ रोजी स्पेनच्या किनाऱ्यावरून निघाली. त्यांतील ‘व्हिक्टोरिया’ हे एकच जहाज ६ सप्टेंबर १५२२ रोजी १८ माणसांना घेऊन जगाला वळसा घालून परतले. मॅगेलन स्वतः २७ एप्रिल १५२१ रोजी फिलिपाइन्समधील मॅक्टान बेटावर मारले गेले होते. पॅसिफिकमध्ये तीन महिने वीस दिवस ताजे अन्न न मिळाल्याने खलाशांनी किडलेल्या बिस्किटांचा भुगा आणि शिडाच्या दांड्यांना गुंडाळलेले कातडे समुद्रात भिजवून, भाजून खाल्ले, हे सफरीत सोबत असलेल्या पिगाफेटा यांनी लिहून ठेवले आहे. त्यांचा वृत्तांत वाचनीय आहेच, परंतु जहाज घरी आणणाऱ्या एल्कानो यांचे नावसुद्धा त्यांनी कोठे घेतलेले नाही. संचातील टिपणाने आल्बो या सुकाणूधराच्या नोंदवहीच्या आधारे ही उणीव भरून काढली आहे. नकाशा येथे मात्र निराशा करतो. सगळे जग एका कागदावर बसवल्याने मॅगेलनची सामुद्रधुनी करंगळीच्या नखाएवढी झाली आहे आणि जेथे एक जहाज पळून गेले, जेथे महिनाभर वाट शोधावी लागली, तेथेच काही दिसत नाही. सामुद्रधुनीचा स्वतंत्र मोठा नकाशा जोडणे अगदी गरजेचे आहे.

समुद्र आपल्याला दूरचा. साताऱ्याच्या माणसाला डोंगर जवळचे. त्यामुळे नैनसिंह रावत आणि किंथुप यांचा संच येथे सर्वांत जास्त मागितला जातो, यात नवल नाही. पहाटे अजिंक्यताऱ्यावर जाणारे, सुट्टीत जरंडेश्वर किंवा वासोटा गाठणारे लोक या शहरात घरोघर आहेत, आणि ज्या शहराच्या प्रियंका मोहिते २०१३ मध्ये एव्हरेस्टवर आणि पुढे अन्नपूर्णा, कांचनगंगा यांसारख्या शिखरांवर जाऊन आल्या, तेथे पावले मोजत हिमालय ओलांडणाऱ्या माणसाची कथा आपुलकीने वाचली जाणारच. नैनसिंह हे जोहार खोऱ्यातील मिलम गावचे शिक्षक. तिबेटमध्ये परक्यांना प्रवेश बंद असताना भारतीय सर्वेक्षण विभागाने त्यांना यात्रेकरूच्या वेषात पाठवले. चढ असो वा उतार, प्रत्येक पाऊल सारख्याच लांबीचे टाकण्याची सवय त्यांनी लावून घेतली होती. १०८ ऐवजी १०० मण्यांच्या जपमाळेतील एक मणी दर शंभर पावलांना सरकायचा. प्रार्थनाचक्रात मंत्रांऐवजी नोंदींचे कागद असायचे, सेक्स्टंट पेटीच्या खोट्या तळाखाली असायचा आणि पाणी कोणत्या तापमानाला उकळते यावरून ठिकाणाची उंची काढली जायची. १८६६ च्या जानेवारीत ते ल्हासाला पोहोचले. पकडले गेले असते तर जीव वाचण्याची आशा फारशी नव्हती. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना १८७७ मध्ये सुवर्णपदक दिले.

संचात या जपमाळेची एक प्रतिकृती ठेवली आहे, साध्या लाकडी मण्यांची. ती हातात घेऊन चालून पाहावे, अशी सूचना सोबतच्या कागदावर आहे. मी राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत तसा चाललो. वाहने चुकवणे, ओळखीच्या माणसाला मान डोलावणे, चढाला पाऊल आपोआप आखूड होणे, यांत मोजणी सतत ढळत राहते, आणि ज्याने हे हजारो किलोमीटर, उणे तापमानात, संशयी नजरांखाली, तोंडाने जप सुरू ठेवून केले, त्याच्या मनाच्या एकाग्रतेपुढे माणूस खरोखर नतमस्तक होतो.

किंथुप यांची कथा त्याहून करुण आहे, आणि दार्जिलिंगच्या या निरक्षर माणसाला संचात नैनसिंहांच्या बरोबरीचे स्थान दिले, याबद्दल ग्रंथपाल बाईंचे अभिनंदन केले पाहिजे. तिबेटमधील त्सांगपो हीच पुढे ब्रह्मपुत्रा होते की नाही, हे ठरवण्यासाठी १८८० मध्ये एका लामासोबत त्यांना पाठवण्यात आले. लामाने वाटेत त्यांना गुलाम म्हणून विकले. ते निसटले, एका मठात आश्रयाला राहिले, आणि सुटून घरी पळण्याऐवजी यात्रेची परवानगी मागमागून त्यांनी ठरलेले काम पुरे केले. खुणा केलेले ५०० ओंडके तयार करून त्यांनी दिवसाला ५० याप्रमाणे नदीत सोडले. खाली आसामात ते टिपले जाणार होते. परंतु ओंडके केव्हा सुटतील हे कळवणारे पत्र ज्यांच्या हाती वेळेवर पडायला हवे होते ते अधिकारी तोवर देश सोडून गेले होते, आणि ओंडके कोणी न पाहता समुद्राला मिळाले. चार वर्षांनी परतलेल्या किंथुप यांनी सांगितलेली हकीकत लोकांनी फारशी खरी मानली नाही. १९१३ मध्ये बेली आणि मोर्सहेड हे ब्रिटिश अधिकारी त्या खोऱ्यात जाऊन आले तेव्हा तिचा बराचसा भाग खरा ठरला. दुर्दैवाने नेमका याच प्रवासाचा नकाशा संचातील सर्वांत दुबळा आहे. त्सांगपो नदी जेथे नामचा बरवा शिखराला वळसा घालून एकदम दक्षिणेकडे वळते, ते वळण एका गोल रेषेवर उरकले आहे. उंचीच्या रेषा नाहीत, मठ कोठे होता याची खूण नाही. शॅकल्टन यांच्या नकाशावर जेवढा जीव लावला आहे, तेवढा किंथुप यांच्या नकाशावरही लावला गेला पाहिजे.

भारतीय सागरी सफरींचा संच अलीकडचा आहे. दिलीप दोंदे यांनी ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि असे करणारे ते पहिले भारतीय ठरले. नौका गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली होती. त्यानंतर अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता हीच प्रदक्षिणा केली, २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ नेली, आणि २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच ती पुन्हा जगभर फिरवून आणली. येथे नियोजनाची वेगळीच बाजू दिसते. शिडाला वाऱ्याचे बळ मिळावे म्हणून मुद्दाम त्याच वादळी दक्षिण महासागरात उतरावे लागते, ज्यात टॉमी यांची नौका २०१८ च्या शर्यतीत उलटून डोलकाठी मोडली आणि पाठीला गंभीर दुखापत झालेल्या त्यांना फ्रेंच जहाजाने वाचवले. सुरक्षित वाट हवी असेल तर वारा मिळत नाही, आणि वारा हवा असेल तर लाटा पत्कराव्या लागतात. नकाशावर ४० अंश दक्षिणेच्या खाली गेलेला मार्ग पाहिला की हे आपोआप समजते. हा संच महाविद्यालयीन मुलामुलींनी आधी घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. हे लोक आजचे आहेत, त्यांची जहाजे आपल्या किनाऱ्यावरून निघाली आहेत, आणि वाचनाच्या खोलीतून अशा करिअरकडे जाणारी वाट खरोखर आहे.

मराठीतील सफरींसाठी एकच संच आहे, तो वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा. घरच्या कर्जाची विवंचना दूर करण्यासाठी उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत सापडला, झाशीच्या वेढ्यात अडकला, लुटला गेला, आणि तरीही आई-वडिलांच्या स्नानासाठी गंगेची कावड घेऊन घरी परतला. या संचात त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकाची १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी संपादून छापलेली आवृत्ती आणि पुढे दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती, अशा दोन्ही दिल्या आहेत. दुसरा साक्षीदार येथे त्याच लेखकाचा मूळ शब्द आहे. दोन्ही शेजारी ठेवून झाशीची पाने वाचावीत, म्हणजे संपादकाने किती ठिकाणी हात फिरवला हे कळते.

येथेच माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. साताऱ्याच्या वाचनालयात साताऱ्याची सफर नाही. १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना गादीवरून दूर करून काशीला पाठवल्यानंतर त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले आणि तब्बल १४ वर्षे लंडनमध्ये झगडत राहून १८५३ मध्ये परतले. मधल्या काळात महाराज १८४७ मध्ये काशीतच वारले, १८४८ मध्ये सातारा खालसा झाले, तरी रंगो बापूजींनी अर्ज, भाषणे आणि छापील पत्रके थांबवली नाहीत. सुएझचा कालवा खुला झाला १८६९ मध्ये. त्याआधी विलायतेचा प्रवास म्हणजे आफ्रिकेला वळसा घालणारा महिनोन् महिन्यांचा समुद्र, नाही तर मध्येच वाळवंट ओलांडून पुन्हा दुसरे जहाज, आणि जातिबहिष्काराचे सावट दोन्ही वाटांवर. १८५७ च्या उठावात भाग घेतल्यानंतर ते जे नाहीसे झाले ते पुन्हा कोणाला सापडले नाहीत. साताऱ्यातील ‘चार भिंती’ या स्मारकाच्या टेकडीवर फिरायला जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांचे नाव ठाऊक आहे, पण त्यांनी किती पाणी ओलांडले याचा नकाशा कोणाच्याही डोळ्यांसमोर नाही. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांच्यावर सविस्तर लिहिलेले असल्याने मुख्य पुस्तकाची अडचण नाही. वाचनालयाने हा संच करावा, आणि तो आधी करावा. मी ही मागणी सूचनावहीत लिहिली आहे. इतर सभासदांनीही लिहिली तर काम लवकर होईल.

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. इंग्रजी मूळ पुस्तकांचे प्रमाण अजून जास्त आहे आणि ज्यांना इंग्रजी सहज वाचता येत नाही त्यांची भिस्त टिपणांवर राहते. टिपणे चांगली असली तरी ती पुस्तकाची जागा घेऊ शकत नाहीत. दोन संचांत मुख्य पुस्तक म्हणून मुलांसाठीची संक्षिप्त आवृत्ती दिली जाते आणि पिशवीवर तसे लिहिलेले नसते. हे चूक आहे, कारण संक्षिप्त आवृत्तीत नेमके कंटाळ्याचे, उपासमारीचे आणि भांडणांचे दिवस गाळलेले असतात आणि संचाचा सगळा हेतूच त्यामुळे फसतो. घरपोच पोहोचवणारा मुलगा वेळेचा पक्का आहे. शाहूपुरी, गोडोली, करंजे या भागांत संच ठरलेल्या दिवशी मिळतो, शहराबाहेर मात्र स्वतः जाऊन आणावा लागतो. उशिरा परत केल्यास दंड आहे आणि तो सगळ्यांना सारखाच लावला जातो, हे मला योग्य वाटते, कारण प्रत्येक संचाची एकच प्रत आहे. पावसाळ्यात पुस्तकांना ओल लागू नये म्हणून पिशवीच्या आत प्लॅस्टिकची दुसरी पिशवी घालतात, परंतु ट्रेसिंगवरून काढलेल्या नकाशांच्या घड्या आता फाटू लागल्या आहेत. ते घडी न घालता नळीत गुंडाळून दिले तर बरीच वर्षे टिकतील.

नव्याने सभासद होणाऱ्याने सुरुवात ब्लाय यांच्या संचापासून करावी. पुस्तक लहान आहे, नकाशा स्पष्ट आहे, आणि पट्टीवरच्या तारखा रोज थोड्या थोड्या पुढे सरकवत वाचण्याची सवय त्यातून लागते. शॅकल्टन यांचा संच त्यानंतर आणि पूर्ण महिना मोकळा असेल तेव्हाच घ्यावा. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत नैनसिंह-किंथुप आणि ‘म्हादेई’ या संचांना मोठी प्रतीक्षायादी असते, त्यामुळे ते हवे असल्यास महिनाभर आधी काउंटरवर नाव नोंदवून ठेवावे.